उघडी शिदोरी

सज्जनहो, आम्हा कीर्तनकारांना एक खोड असते. आमचा दृष्टान्त नेहमी दुसऱ्याचा असतो. लोभी सावकाराचा, कंजूष वाण्याचा, नाही तर कुण्या राजाचा. सांगणारा स्वतः त्यात कधी नसतो. चाळीस वर्षे मराठवाड्यात आणि पैनगंगेपलीकडे विदर्भात कीर्तने केली, त्यांत मीही हेच केले. आता गळा राहिला नाही, गुडघे उभे राहू देत नाहीत, हदगावच्या घरी ओसरीत बसून असतो. म्हणून ठरवले की आज दृष्टान्त स्वतःचाच द्यावा. तो सांगायला मला दहा वर्षांहून अधिक काळ लागला, यावरूनच तो किती अवघड आहे ते आपल्या ध्यानात येईल.

प्रश्न साधा आहे. वाटेला लागलेल्या माणसाने बरोबर किती घ्यावे?

सन २०१३ ची कार्तिकी वारी पोचवली आणि मी नर्मदा परिक्रमेला निघालो. मला बासष्टावे वर्ष होते. माळकऱ्याला पंढरी असताना आणखी कुठे कशाला जायचे, असे काहींनी विचारलेही. मी म्हणालो, आषाढीच्या आत परत येतो, वारी चुकवत नाही. नामदेवराय आणि माऊलीही तीर्थयात्रेला गेलेच होते की. नर्मदामाई अमरकंटकाला उगम पावते आणि भडोचजवळ सागराला मिळते. ही लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही काठ धरून तिला उजवी घालायची म्हणजे अडीच हजारांहून अधिक किलोमीटर चालणे आले. तिचे पात्र मध्येच ओलांडायचे नाही, कमंडलू सोडायचा नाही, मिळेल ते खायचे, ही पथ्ये. शास्त्रोक्त परिक्रमा तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची. आमच्यासारखे संसारी पाच-सहा महिन्यांत करतात.

या वाटेवर दक्षिण काठाला एक टप्पा असा येतो की तेथे भल्याभल्यांची छाती दडपते. त्याला शूलपाणीची झाडी म्हणतात. बडवानी मागे पडली की सातपुड्याच्या रांगा थेट नदीत उतरतात. मध्य प्रदेशातून वाट आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरांत शिरते आणि पुढे गुजरातेत निघते. गाव म्हणून सलग वस्ती नाही. या टेकडीवर एक घर, त्या टेकडीवर दुसरे. पूर्वीच्या परिक्रमावासीयांनी सांगून ठेवले होते की तिथले लोक, ज्यांना सगळे मामा म्हणतात, वाटसरूला लुटतात. भांडे, घोंगडी, अंगावरचे धोतरसुद्धा नेतात आणि लंगोटीवर सोडून देतात. कोणी म्हणे ही माईचीच आज्ञा आहे, परिक्रमावासी रिता व्हावा म्हणून. मी गेलो तोवर हे बरेच थांबले होते आणि तेच लोक ठिकठिकाणी वाटसरूंना भाकरी घालत होते. पण ऐकलेली भीती पायांच्या आधी पोचते.

आता माझ्या पाठीवरच्या ओझ्याविषयी. धाकट्या मुलाने नांदेडहून पट्ट्यांची मोठी सॅक आणून दिली होती. निघण्याआधी हदगावच्या मोंढ्यात ती काट्यावर घातली, तर ११ किलो भरली. घोंगडी, दोन धोतरे, दोन बंड्या, पंचा, ताट-वाटी, लहान ज्ञानेश्वरी, हरिपाठाची पुस्तिका, टाळ, गुडघ्याचे तेल, गोळ्या. आणि तळाला, एका जुन्या धोतरात गुंडाळून, डिंकाचे लाडू. सूनबाईने मोठ्या मायेने केले होते. "बाबा, तुमच्या गुडघ्यांसाठी आहेत, वाटून टाकू नका," असे तिने बजावले होते, कारण ती माझा स्वभाव ओळखते असे तिला वाटत होते. बंडीच्या अस्तरात चार हजार रुपये शिवलेले होते. महिनाभर आधीपासून मी ही सॅक पाठीला लावून रोज पहाटे दत्तबर्डी चढून उतरत असे. लोक हसत. मला वाटे, आपण किती पूर्वतयारी करतो आहोत.

बरोबर उमरखेडकडचा एक शेतकरी माळकरी होता. माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्याच्याजवळ एक झोळी, एक घोंगडी आणि कमंडलू. पहिल्याच दिवशी त्याने विचारले होते, "महाराज, एवढं वझं काहून घेतलं?" मी म्हणालो, "वयाची गरज आहे बाबा." लाडवांचे मात्र मी त्याला सांगितले नाही. रात्री तो झोपला की अंधारात एक काढून खात असे. लिहिताना लाज वाटते, पण खात असे.

मार्गशीर्षातला तो दिवस. भादलकडून डोंगर चढून बिलगावच्या बाजूला पोचायचे होते. पहाटे थंडी मरणाची, बोटे वळत नव्हती. खाली धरणाचे पाणी निळे, निश्चल पसरलेले. पूर्वीची काठाकाठाची वाट त्या पाण्याखाली गेली, त्यामुळे वाटसरूला आता वर डोंगरातूनच जावे लागते. चढावर दम लागतो, पण खरी परीक्षा उतरणीला होते. चढताना ओझे पाठीला असते. उतरताना ते मागून ढकलते आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. सागाची पाने गळून वाटेवर खच पडला होता, त्याखालचा मुरूम पाय धरू देत नव्हता. माणसाची वाट कोणती आणि शेळ्यांची कोणती हे कळेना. एका कोरड्या ओहोळात उतरलो आणि वाट चुकलो. दोन तास त्याच दऱ्यात वर-खाली केले. कमंडलूतले पाणी संपले. खाली एवढे पाणी दिसत होते, पण तिथपर्यंत उतरायला वाट नव्हती. सॅक अशी झाली की एकेक वस्तू तिच्या वजनानिशी आठवू लागली. ज्ञानेश्वरीचे ओझे वाटले नाही असे म्हणावेसे वाटते, पण तेही खोटे होईल.

तेवढ्यात वरून हाळी आली, "नर्मदे हर!" दहा-एक वर्षांचा मुलगा, कमरेला फडके, हातात काठी, मागे सात-आठ शेळ्या. त्याची बोली आम्हाला नीट कळत नव्हती, आमची त्याला. माझी अवस्था पाहून त्याने काही न बोलता माझ्या पाठीवरची सॅक उतरवली, स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि चढू लागला. माझ्या मनात आलेला पहिला विचार सांगतो: हा पळून तर जाणार नाही ना? दुसरा विचार: तळाशी लाडू आहेत. त्या पोराच्या पायांत चप्पल नव्हती, हे तिसऱ्यांदा दिसले.

टेकडीवर त्याचे घर. बांबूच्या तट्ट्याच्या भिंती, वर कौले. त्याच्या आईने आधी पाणी दिले, मग चूल पेटवली. मी दारातच बसलो होतो, त्यामुळे सगळे दिसत होते. तिने पिठाचे मडके कलते केले, हाताने तळ खरवडला, पुन्हा एकदा खरवडला. मक्याच्या तीन भाकरी झाल्या. दोन आमच्यापुढे ठेवल्या, वर उडदाचे वरण आणि मीठ-मिरची. तिसरी मोडून तिने त्या मुलाला आणि आणखी दोन लहानग्यांना वाटली. स्वतः काही घेतले नाही.

सज्जनहो, सॅक माझ्या मांडीला टेकलेली होती. हात घातला असता तर वीस-बावीस लाडू निघाले असते. मी हात घातला नाही. का घातला नाही, याची कारणे त्या वेळी माझ्याजवळ भरपूर होती. पुढे बातमी जाईल की या म्हाताऱ्याजवळ ऐवज आहे. गुडघे दुखतील. सूनबाईने बजावले आहे. आणि सगळ्यांत खरे कारण हे की उमरखेडकराला कळेल, महिनाभर मी त्याच्यापासून लपवून खात होतो. मी ती भाकरी खाल्ली. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. कीर्तनकाराजवळ आशीर्वाद कधी संपत नाहीत. आणि निघालो.

मुक्कामाला पोचलो. रात्री धोतराची गाठ सोडली, पण घास घशाखाली उतरेना. शेवटी सोबत्याला उठवले आणि सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सकाळी परत जाऊ, देऊन येऊ." मी म्हणालो, "परिक्रमेत मागे फिरत नसतात." तो म्हणाला, "महाराज, हा नेम माईचा की तुमच्या गुडघ्याचा?" मला उत्तर देता आले नाही. आम्ही परत गेलो नाही. दुसऱ्या दिवशी वाटेत भेटलेल्या पोरांना ते लाडू वाटून टाकले. पण माझे ओझे डोक्यावर वाहणाऱ्या त्या मुलाला त्यातला एकही मिळाला नाही. पुढे त्या सगळ्या झाडीत मला कोणी लुटले नाही, बंडीचे अस्तर तसेच शिवलेले राहिले. शूलपाणीच्या झाडीत एक चोरी झाली, ती मी केली.

आता कीर्तनाच्या शिस्तीने शंका घेऊ आणि समाधान पाहू.

पहिली शंका. याला चोरी कसे म्हणता? गहू घरचा, तूप घरचे, सुनेने केले, सासऱ्याने खाल्ले. दिले नाही एवढेच. न देणे हा फार तर कंजूषपणा झाला. मीही मनाला हेच सांगून पाहिले. पण शास्त्र ऐकत नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी, देवांनी दिलेले त्यांना न देता एकटाच भोगणाऱ्यासाठी जो शब्द योजला आहे तो कंजूष नाही, चोर आहे. भागवताच्या सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला गृहस्थाचा धर्म सांगतात, तिथे तर आणखी स्पष्ट आहे: पोट भरण्यापुरतेच माणसाच्या हक्काचे, त्याहून अधिकावर जो आपलेपणा सांगतो तो चोर आणि दंडाला पात्र. हे नारद संन्याशाला सांगत नाहीत, राजाला सांगत आहेत. आळंदीला चार वर्षे वारकरी शिक्षण संस्थेत राहून हे वचन मी पाठ केले, पुढे शेकडो वेळा व्यासपीठावरून सांगितले. पाठ असणे आणि हात सॅकमध्ये जाणे यांत केवढे अंतर आहे, ते त्या दारात कळले.

इथे एक सांभाळून बोलले पाहिजे. म्हणून काय वाटसरूला लुटणे योग्य ठरते? नाही. कडाक्याच्या थंडीत कुणा म्हाताऱ्याचे धोतर ओढणे हे पापच आहे, आणि त्याला माईची आज्ञा म्हणून मखरात बसवणेही मला पटत नाही. भुकेने केलेली चोरी आणि भीतीने केलेली चोरी, दोन्ही चोऱ्याच. पण पहिलीची कथा आपण शंभर वर्षे रंगवून सांगतो आणि दुसरीचे नावही घेत नाही.

दुसरी शंका अधिक मोठी आहे. मग माणसाने काही साठवूच नये काय? शेतकऱ्याने मृगासाठी बियाणे ठेवू नये? पेवात ज्वारी ठेवू नये? देव योगक्षेम चालवतो असे नवव्या अध्यायात म्हटले आहे. न मिळालेले मिळवून देणे हा योग, मिळालेले राखणे हा क्षेम, असा आचार्यांचा अर्थ. दोन्ही त्याच्याकडे असतील तर सॅक कशाला? माझ्या सोबत्यासारखी रिकामी झोळीच खरी भक्ती, असे म्हणावे काय?

यावर मी फार दिवस विचार केला. आधी मलाही वाटले की रिकामी झोळी जिंकली. पण त्या मडक्याचा तळ डोळ्यांपुढून जाईना. माझ्या सोबत्याची झोळी रिकामी होती, म्हणून त्याचीही भाकरी त्या माउलीच्या मडक्यातूनच आली. त्याने लपवले काही नाही, तो निर्दोष. पण त्याचे न वाहिलेले ओझे कुणाच्या तरी चुलीवर पडलेच. रिते होऊन गरिबाच्या दारात बसणे हे ज्याला अधिकार आहे त्या विरक्ताने करावे. घरी शेत-शिवार असलेल्या आपण तसे करणे म्हणजे आपला क्षेम देवाच्या नावाने दुसऱ्याच्या माथी मारणे. तुकोबारायांनी कीर्तनकाराला पथ्य घातले की जिथे कीर्तन करशील तिथले अन्नही घेऊ नकोस. त्यामागे हीच जाण असली पाहिजे की देवाचे नाव घेणाऱ्याचा भार ऐकणाऱ्यावर पडू नये.

म्हणजे साठा हाही दोष आणि रितेपण हाही भार. मग वारकऱ्याने काय करावे? उत्तर दूर नव्हते. आयुष्यभर मीच ते सांगत आलो होतो. सप्ताहाची सांगता कशाने होते? काल्याच्या कीर्तनाने. गोपाळ यमुनेकाठी गाई चारायला गेले, तेव्हा रिकाम्या हाताने गेले नाहीत. प्रत्येकाने घरून शिदोरी आणली होती. कुणाची दही-भाताची, कुणाची शिळी भाकरी, कुणाचे नुसते ताक. देवाने कुणाला विचारले नाही की तू का आणलेस, किंवा तू एवढेच का आणलेस. त्याने एवढेच सांगितले की गाठोडी सोडा. सगळ्यांची एकत्र कालवली आणि स्वतः वाटली. काल्यात साठवण निषिद्ध नाही, गाठ निषिद्ध आहे.

यातून मला एक खूण सापडली, ती आपल्यापुढे ठेवतो. जे चारचौघांत सोडता येते ती शिदोरी. जे सोडायला अंधार लागतो तो साठा. वजनाचा प्रश्नच नाही. दिंडीबरोबर शिधा असतो, पातेली असतात, तंबू असतात. मोठ्या दिंडीचे सामान ट्रकमध्येही मावत नाही. तरी तो परिग्रह होत नाही, कारण वाटेत कुणीही पंगतीला बसला तर त्याला उठवत नाहीत. आणि माझे दोन किलोंचे लाडू परिग्रह झाले, कारण त्यांना गाठ होती. बियाण्यालाही हीच खूण लावावी. शेतकरी बियाणे राखतो ते मातीत उघडे टाकण्यासाठी. जे पुन्हा कधीच उघडायचे नाही ते बियाणे नव्हे, ते नुसते कुजत पडलेले धान्य.

आमच्या भागाला नामदेवरायांचा शेजार आहे. औंढ्याचा नागनाथ आणि नरसी दोन्ही शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात. त्यांची कुत्र्याची कथा आपण सारे जाणतो. कुत्र्याने पोळ्या पळवल्या आणि नामदेवराय तुपाची वाटी घेऊन मागे धावले, देवा, कोरड्या नका खाऊ म्हणून. मी ही कथा प्रेमाने सांगत असे आणि श्रोते डोळे पुसत. पण तिच्यात एक बारीक गोष्ट आहे, ती मला झाडीतून आल्यावर दिसली. नामदेवरायांजवळ तूप होते. त्यांनी ते साठवलेले होते, जपलेले होते. रित्या हाताने ते कुत्र्यामागे धावले असते तर कथा झाली नसती. असणे हा दोष नव्हता. असलेले घेऊन ते त्याच्यामागे धावले, म्हणून ते नामदेव.

आता थोडे अवांतर, पण त्याच ओघातले. मी गेलो तेव्हा सरदार सरोवराचे धरण पूर्ण उंचीचे झाले नव्हते. १७ सप्टेंबर २०१७ रोजी ते राष्ट्राला अर्पण झाले, उंची १३८.६८ मीटर. त्याच तारखेला आपण मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन पाळतो, म्हणून ती माझ्या लक्षात राहिली. नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावे या धरणाच्या पाण्याने बाधित झाली. त्यात मणिबेली पहिली. शूलपाणेश्वराचे जुने मंदिरही पाण्यात गेले आणि गोऱ्याला नवे उभे राहिले. त्या धरणाच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के आहे. धरण हवे की नको हे मोठ्या लोकांनी ठरवावे, माझा तो अधिकार नाही. पण संध्याकाळी ओसरीत दिवा लागला की मनात येते, यात त्या टेकड्यांवरच्या कुणाची तरी शिदोरी कालवलेली आहे. त्यांची गाठ आपण सोडवून घेतली. आपली गाठ त्यांच्यापुढे कधी सोडली काय?

ती सॅक अजून माझ्या खोलीत खुंटीला टांगलेली आहे. लोक परिक्रमेचे अनुभव विचारायला येतात. त्यांना चमत्कार ऐकायचे असतात. माई दिसली काय, कुणी अश्वत्थामा भेटला काय. मी त्यांना त्या मुलाचे सांगतो. तो आता वीस-बावीस वर्षांचा असेल. त्याचे नाव मी विचारले नव्हते, म्हणून ते सांगता येत नाही. सूनबाईलाही सांगितले. ती रडली नाही की रागावली नाही. पुढच्या वर्षीपासून आषाढीला आमच्या दिंडीबरोबर ती डिंकाच्या लाडवांचा डबा देते आणि डब्याचे झाकण बांधत नाही.

तरी माझे देणे फिटले असे मी म्हणणार नाही. दिंडीतल्या लाडवांनी त्या घरातले मडके भरत नाही. काही ऋणे अशी असतात की ती ज्याची त्यालाच द्यायची असतात, आणि ती वेळ एकदाच येते. ती गेली की उरते ती आठवण, आणि आठवण वाहायला सॅक लागत नाही.

माऊली, यंदा वारीला निघताना पिशवी जरूर भरा. औषध घ्या, पांघरूण घ्या, चार घास घ्या. वयाची लाज बाळगू नका. फक्त एक करा. जे तुम्ही तळाला ठेवणार असाल ते वर ठेवा, जिथे तुमचाही हात आधी जाईल आणि दुसऱ्याचीही नजर पडेल. वाटेत कुणी अनवाणी पोर तुमचे ओझे उचलायला पुढे आले, तर ते देण्याआधी पिशवीचे तोंड उघडा. मग पाहिजे तर आशीर्वाद द्या.

रामकृष्णहरी.